विम्याच्या फोटोतला पदर

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ह्यांनी पांडेसऱ्याची कापड रंगवायची मिल सोडली आणि हजीऱ्याकडच्या एका कारखान्यात लागले. पगार बरा म्हणून मीही खूश होते. पण मला आठवा महिना लागलेला, आणि बाळ आडवं आहे, ऑपरेशनशिवाय सुटका नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलेलं. खासगी दवाखाना आम्हाला झेपणारा नव्हता. कामगार विम्याच्या दवाखान्यात फुकट झालं असतं, पण त्यात एक मेख होती. ह्यांचा विम्याचा जुना नंबर नव्या नोकरीत चालू करून घ्यायला हवा होता. नवा नंबर पडला असता, तर माझ्या उपचारांचा हक्क मिळायला कितीतरी महिने गेले असते. बाळ काय तोवर थांबणार होतं?

ह्यांची नोकरी नवी, रजा मागायची सोय नाही. म्हणून अर्ज आणि जुनं कार्ड घेऊन मी सासऱ्यांबरोबर विमा कचेरीत गेले. कार्डावर आम्हा तिघांचा फोटो होता, त्यामुळे त्यांची साक्ष चालेल असं कुणीतरी सांगितलं होतं.

कारकुनाने फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग परत फोटो.

"आ कोण छे?"

फोटोत हे आणि सासरे छान दिसत होते. शेजारी मी, हनुवटीपर्यंत पदर ओढून! सासऱ्यांसमोर तोंड उघडं टाकायचं नाही, ही आमच्यातली रीत. स्टुडिओवाला 'बेन, पदर वर घ्या' म्हणून थकला, पण सासरे शेजारी बसलेले असताना मी कशी ऐकणार? आणि कचेरीतही मी तशीच उभी होते.

"इसमें तो कोई भी औरत हो सकती है," कारकून म्हणाला. "लोग पडोसन को भी ले आते हैं. नया नंबर ले लो."

मी सासऱ्यांची बाही ओढली. कारकुनाने त्यांनाच विचारलं, "काका, ये तुम्हारी बहू है? पहचानते हो?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. कधी खोटं न बोलणारा माणूस तो.

"चेहरा कभी देखा नहीं, साहेब."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. असा संताप आला मला! अहो, नुसतं हो म्हणायला काय जात होतं? इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना खरेपणा सुचतोय! कारकुनाने अर्ज बाजूला सारला, पुढच्या माणसाला हाक मारली. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी पदर सरळ खांद्यावर टाकला.

"मामंजी, पाहा इकडे! नीट पाहून घ्या आणि सांगा साहेबांना मी कोण ते!"

सासरे दचकले. माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले, आणि मला रडूच कोसळलं.

"आवाज ओळखतो ना साहेब," ते मराठीतच म्हणाले. "लग्न झाल्यापासून रोज दाराआडून म्हणते, मामंजी, जेवायला चला. हाच तो. माझीच सून आहे."

कारकुनाने अर्ज परत ओढून घेतला, त्यावर सासऱ्यांचा अंगठा घेतला आणि शिक्का मारला. "नवो फोटो लावजो, बेन. मोढुं खुल्लुं राखीने." तोंड उघडं ठेवून नवा फोटो काढायला मी मान हलवून हो म्हटलं, तेव्हाही पदर खांद्यावरच होता.

मुलगी विम्याच्याच दवाखान्यात झाली, धडधाकट. सासऱ्यांनी तिला मांडीवर घेतलं, दुपट्याची कड बाजूला करून तिचं तोंड न्याहाळलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "पोर आपली मायवर गयी."