लिंबू-साखरेची वाटी

पुतणीच्या हातांवरची मेंदी वाळू लागली होती. मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी लावायला मी वाटी उचलली, तर तिच्या आईने, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, ती माझ्या हातून काढून घेतली.

"तू राहू दे गं. शकुनाचं काम आहे."

माझे यजमान जाऊन सात महिने झाले आहेत.

"जितका रंग गडद, तितकं नवऱ्याचं प्रेम हो!" शेजारीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मला या वाक्याची चीड येते. घरात सर्वांत गडद मेंदी माझी रंगायची, कारण माझे तळवे गरम असतात. पण प्रेमाचं श्रेय हातांना दिलं, की मरणाचा दोषही हातांवरच ठेवता येतो.

"आई, काकूलाच लावू दे ना," पुतणी म्हणाली.

"गप्प बस. तुझ्याच भल्याचं सांगतेय."

आईने बोळा फिरवेपर्यंत पुतणीने हात निमूट पुढे धरले.

उद्या लग्नाला मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसेन आणि अक्षता याच हातांनी टाकेन.