काकीच्या गालातला पांढरा डाग

पोरांनो, पारावरच्या फळ्यावर लिवतोय, काकीला वाचता येत नाय म्हणून.

आज पोशीरला तोंडं तपासायला मुंबईचा डाक्टर आलता. म्हनला, "देश एकच, पण समाजासमाजात कॅन्सर वेगळा. विडी ओढणाऱ्यांत घशात, तंबाखू धरणाऱ्यांत गालात. पांढरा डाग असेल त्यांनी दाखवा."

मी काकीच्या कानात म्हनलं, "डाक्टर तंबाखूवाल्यांचे दात उपटतो गं!"

काकी घाबरली. डाक्टरानं इचारलं तवा म्हनली, "मी नाय बा खात." डाक्टर पुढं गेला. मी पोट धरून हसलो.

वाटेत तिनं बोटानं गालातली तंबाखू काढली. "तुज्यामुळं वाचले रं!" म्हनत हसली, तवा आतला पांढरा डाग दिसला.

उद्या डाक्टर साजगावला हाय. काकीला नेतोच. पण आदी माजी थाप कबूल कशी करू, गड्यांनो?