डाळमिलमागचं घर

जळगावात आमचं घर डाळमिलला चिकटून आहे. मध्ये भिंत एकच. सकाळी आठला मिल सुरू झाली की बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून घरातले सगळे हातांनीच बोलतात. अंगठा ओठाला लावला की पाणी, पाच बोटं तोंडाशी नेली की जेवण. मी चाळीसगावची, मला हे शिकायला महिना लागला. माझ्या पोरीला मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. वर्षाची झाली नाही तोच हातानं मागायला लागली. काय कौतुक तिचं! तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हिना बाप बी उशिराच बोलना.” बापासारखीच उशिरा बोलेल, असं धरून मीही नंदीबैलासारखी मान हलवली. अक्कल गहाण ठेवली होती मी.

मग गल्लीतली डीपी जळाली आणि दोन दिवस मिल बंद. आठवड्याच्या एका सुट्टीत हातांची सवय मोडत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळे तोंडानं बोलायला लागले, आणि पोरगी एकेकाच्या हातांकडे बघत रडकुंडीला आली. मी तिच्या मागे उभी राहून हाका मारल्या, ताट वाजवलं. ढिम्म हलली नाही.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. “मूल बोलत नाही म्हटल्यावर आधी कान तपासायचे ना? शब्द कानावर पडलेच नाहीत, तर येणार कुठून?”

कानाला मशीन बसलं. शांत जागेत तिच्याशी दिवसभर बोला, असं त्यांनी बजावलं. शांत जागा! नवऱ्याला म्हटलं, दुसरीकडे खोली घेऊ. तो म्हणाला, “घरचं घर सोडून? तिचं काय अडतंय इथे? सगळं तर मागते हातानं.” तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

मिलची सुट्टी बुधवारी. तो एक दिवस, आणि रोज मिल थांबल्यावर ती पेंगेपर्यंतचा तासभर, एवढंच माझ्या हातात. पाच महिने एकच शब्द घोटून घेतला.

परवा दुपारी ती आजीसमोर उभी राहिली. मिल चालू होती. मी शेजारीच कणीक मळत होते म्हणून मला ऐकू आलं. “पाणी.” बोबडं, अर्धवट, पण तिचं. माझे हात परातीतच थांबले.

सासूबाईंनी हात उडवून विचारलं, काय?

तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा हात उडवला.

मग पोरीनं तोंड मिटलं आणि अंगठा ओठाला लावला. सासूबाईंनी लगेच पेला भरून दिला.