‘काहून’चा रकाना

ऑफिसातल्या कमांडकाकांनी कॉम्प्युटरला वऱ्हाडी शिकवली होती. थट्टा नाही. वणीत आमचं कोळसा-वाहतुकीचं ऑफिस, तिथे हिरव्या अक्षरांची जुनी सिस्टिम. तिच्यात आपल्या स्वतःच्या कमांडी बनवायची सोय होती. काकांनी ‘गाडीआली’ बनवली. ती टाकली की पडदा विचारी, ‘कोन्ती गाडी? डायवर कोन?’ कोळसा भरायच्या रांगेतून ट्रक कमी करायला ‘नंबरकाढ’. तिचे प्रश्न दोनच, ‘कोन्ती गाडी? काहून?’ अक्षरं इंग्रजी, बोली घरची.

मी पुण्यात शिकून आलेली दीडशहाणी. कामाच्या पहिल्याच दिवशी फिसकन हसले.

“हास माय, हास,” काका म्हणाले. “पन हे शोभाले वाचता येते. तुह्यं इंग्रजी कोन वाचन?”

शोभाताई वजनकाट्यावर बसायच्या, दहावी नापास. पण साऱ्या कमांडी त्यांना तोंडपाठ होत्या.

रकाना रिकामा सोडला तर सिस्टिमने अडूनच बसायचं, हा काकांचा हट्ट. “रिकाम्याचा अर्थ मशीननं लावू नये. मानूस दोन-दोन दिवस रांगेत बसून राह्यते. त्याचा नंबर अंदाजानं काढाचा का?” आणि ‘काहून’, म्हणजे कारणाचा रकाना, तर भरलाच पाहिजे. त्यांचे वडील म्हातारपणी स्वतःचं घर विसरले होते. तेव्हापासून काकांचा अंदाजावर विश्वास नव्हता, आणि आपलंही तसंच होणार ही धास्ती मनात कायम असे.

रविवारी भरणं बंद, म्हणून दर शनिवारी उरलेली रांग मोडायची असे. शोभाताई एकेक गाडी काढत बसायच्या आणि करवादायच्या. काका भाचीच्या लग्नाला ढाणकीला गेले होते, तेव्हा मी अक्कल पाजळली. ‘नंबरकाढ’मध्ये दोन ओळी घातल्या. गाडी लिहिली नाही तर ‘सगळ्या’ समजायचं, कारण लिहिलं नाही तर ‘शनिवार’. शोभाताई खूश, मी त्याहून खूश. काका परतल्यावर सांगायचं मात्र टाळलं, शोभाताईंनाही सांगू दिलं नाही, उगाच रागावतील म्हणून.

पुढच्या मंगळवारी शोभाताईंनी एक गाडी काढायला ‘नंबरकाढ’ टाकलं. तेवढ्यात फोन वाजला आणि बोलता बोलता रिकाम्या रकान्यांवरच एंटर दाबला गेला. अख्खी रांग साफ! ड्रायव्हरांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. शेठ आले, ओरडले, “कोनाची कमांड हाये ही?”

मी तिथेच उभी होते, चार पावलांवर. काकांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या.

“माह्यीच हाये,” ते म्हणाले.

मग ते वही घेऊन बाहेर उन्हात गेले. प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न, “तुह्या पुढं कोन होता, भाऊ?” दुपार टळेपर्यंत असं विचारून विचारून सगळी रांग परत उभी केली. एकाचाही नंबर चुकला नाही. आत आले, माझ्या खुर्चीशी वाकले आणि हळूच म्हणाले, “माय, हे ‘सगळ्या’ म्या कधी टाकलं वं? मले आठवूनच नाही राह्यलं.”

त्यांचा चेहरा पार उतरला होता. एका वाक्याचं काम होतं. आणि मी, मेली, काय बोलले?

“टाकलं असेल काका, कधीतरी.”

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. “आता माह्या डोक्स्याचा भरवसा नाही.” निरोपाचा हार मीच घातला त्यांना. चिवडाही खाल्ला वर.

यंदा ते गेल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी गेले आणि सुनेपुढे सगळं ओकून टाकलं.

“सात वर्सं झाली,” ती म्हणाली. “बाबा रोज मले विचारत, गॅस बंद केला ना म्या? कडी लावली ना? कागदावर लिहून ठेवत. बाहेर जानं सोडलं, रस्ता भुलन म्हनून. आन ताई, मरेपर्यंत एकबी गोष्ट विसरले नाहीत ते.”

मी मान खाली घातली.

“तवा काहून नाही सांगतलं तुमी?”

ती उत्तरासाठी थांबली होती.