तीन वर्षं वाकत गेलेली तुळई

मालगुंडच्या बाजूच्या एका गावातला तो गुन्हा निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सकाळी पाणी भरायला आलेल्या बाईच्या अंगावर गावची टाकी कोसळली. बाई जागीच गेली.

खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून टाकी फायबरच्या दोन तुळयांवर बसवली होती. टाकी बांधणारा ठेकेदार आम्हा पोलिसांच्या आधी हजर. "पंपवाल्याने टाकी बेसुमार भरली," असा जबाब त्याने दिला. गाव खवळलेलं. मी पंपवाल्याला ठाण्यात आणून बसवलं. तो एकच सांगत होता, "साहेब, रोजच्याएवढीच भरली."

दुसऱ्या दिवशी गावची अंगणवाडी सेविका आली.

"त्याला कशाला धरलंत? टाकीखालच्या पंपघराचं दार बघा. वरच्या तुळईला घासायला लागलं म्हणून दोनदा तासून घेतलंन् त्याने. ठेकेदाराला सांगितलं, तर हसून सोडून दिलंन्. मी पंचायतीत अर्जसुद्धा दिलाय."

ढिगाऱ्यातून दार काढून पंचनामा केला. वरची कड दोन बोटं तासलेली. सुतारानेही तसाच जबाब दिला. अर्ज पंचायतीच्या फायलीत होता, पोचेच्या शिक्क्यासह. कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

तुटलेले तुकडे अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, "वजन वाढायची गरजच नाही. तेच वजन सतत राहिलं, की धागे धरून ठेवणारी राळ हळूहळू ताणली जाते, तुळई वाकते. आत एकेक धागा तुटतो, उरलेल्यांवर भार वाढतो. मग एक दिवस सगळे एकदम जातात."

मंजूर नकाशात तुळयांच्या मध्यावर आधाराचा खांब होता. जागेवर त्याचा पायासुद्धा खणलेला नव्हता.

ठेकेदाराला समोर बसवून नकाशा पुढे ठेवला.

"दिवसभर टाकी भरून चाचणी घेतली होती, साहेब. खांबाशिवाय तीन वर्षं उभी राहिलीच की!"

"उभी नव्हती. तीन वर्षं पडत होती, आणि तुम्हाला सांगितलेलंही होतं."

त्याने नकाशा माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "सगळेच असं करतात." इतका संताप मला खुनाच्या आरोपीचाही आला नव्हता.

दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षा झाली. अर्ज फायलीत लावून ठेवणाऱ्यांची मात्र फक्त बदली झाली.

त्यानंतर कुठल्याही अपघाताच्या तपासात त्या दिवशी काय घडलं याआधी मी विचारायचो, की हे कोणी आधी सांगितलं होतं का. पण तो धडा मला फार उशिरा मिळाला. पंपवाल्याला सोडताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "दोन दिवस गाव माझ्या बायकोला खुन्याची बायको म्हणत होतं. तिची माफी कोण मागणार, साहेब?"

मी त्याच्या घरी गेलो. तिने दार उघडलं नाही.