आत्याचं ओरडणं

सुनेनं माझ्या औषधाची कडू पूड पाण्यात कालवली की तो वास मला थेट मल्हारगंजातल्या आमच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडतो. मध्य भारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाचे दिवस. मी नऊ वर्षांची. आमच्या मांजरीनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि महूच्या गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आज औषधाची पुडी पोटात गेली नाही तर आशा सोडा. लोणी, पेढा, सगळं हुंगून तिनं तोंड फिरवलं. "दिलेलं कधी खाल्लंय तिनं? चोरलेलंच खाते," असं म्हणत आईनं पुडी सायीत कालवली, पातेली अर्धी उघडी ठेवली आणि आम्ही दाराआड बसलो. मांजर लटपटत आली, साय हुंगली, थबकली. एरवी तिला बघताच फुंकणी घेऊन धावणारी आत्या चुलीपाशी अगदी गप्प होती. मांजर तिच्याकडे बघतच राहिली, मग वळून निघाली. "हट मेले! फिर आ गई चोट्टी?" आत्या कडाडली. तशी मांजर गर्रकन फिरली आणि घाईघाईनं सगळी साय चाटून गेली. आत्यानं रिकामी पातेली उचलून उजेडात धरून पाहिली. आता सून माझ्यापुढे ग्लास धरते, "घ्या ना आई, थोडंसंच आहे," म्हणते, इतकं गोड की माझं तोंडच उघडत नाही.