घंटीनंतरचा उखाणा

आमच्या घरात पेपर एकच माणूस वाचतो आणि तो साऱ्या घराला ऐकावा लागतो. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, निलंग्याकडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. रोज सकाळी लातूरच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकायची, मोठ्यानं बातम्या वाचायच्या आणि मधूनमधून सरकारला चार शब्द सुनावायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात भाजी निवडत ऐकायच्या. कधी म्हणाल्या, "आवं, पर मागं तर ह्येच्या उलटं छापलं हुतं की," की मामांचं ठरलेलं, "तुला काय कळतंय त्यातलं!"

मी या घरात आले तेव्हापासून हे ऐकतेय. बरं, त्यात राग नसायचा, आणि मला तेच जास्त लागायचं. नुसती सवय. माझं डोकं तापायचं, आत्या मात्र खाली मान घालून मेथीच्या काड्या बाजूला करत राहायच्या.

मग टीव्हीवर सासू-सुनांच्या जोड्यांची प्रश्नमंजुषा सुरू झाली. आमचं नाव मी देऊन टाकलं, कोणाला न विचारता. आत्यांनी आधी मला फैलावर घेतलं, "लोकात हसं करती का माझं?" पण लातूरच्या फेरीत गेल्या आणि बाईंनी कमालच केली. नद्या म्हणू नका, राजधान्या म्हणू नका, राष्ट्रपती म्हणू नका. बटण दाबायला मला वेळच देईनात. इतकी वर्षं ओट्यावरून जे जे कानावर पडलं ते सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. मी शेजारी तोंड उघडं टाकून बसलेली.

आमची जोडी जिल्ह्यात पहिली आली. अंतिम फेरी नांदेडला, नांदेडच्याच जोडीशी. त्या दिवशी जेवताना आत्या मामांना म्हणाल्या, "कप आणला तर पुन्हा मला तसं बोलायचं न्हाई."

"कसं?"

"काय कळतंय म्हणून."

मामा हसले. "बरं बाई. कप आण, न्हाई बोलणार."

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी मोडली ती कुठंतरी भलतीकडंच बघत. तेव्हा मला कळलं की ह्या बाईला बक्षीस नको, टीव्ही नको, त्यांना ते एक वाक्य बंद करायचंय.

नांदेडला आम्ही तिघं एसटीनं गेलो. माझं माहेर उमरीचं, म्हणजे नांदेड जिल्हाच, त्यामुळं मामा बसमध्ये मला चिडवत राहिले, "फितूर होऊ नको बरं का." समोरची जोडी नांदेडच्या एका जुन्या मुसलमान घरातली होती. सासू आत्यांच्याच वयाची, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि जीभ अशी चालू की निवेदकालाच घाम फुटला. सून शिक्षिका. दोघी लई तयारीच्या. कधी त्या पुढं, कधी आम्ही, आणि शेवटी गुण बरोबरीत आले.

राहिला एक प्रश्न. त्याचा नियम वेगळा होता. उत्तर फक्त सासूनं द्यायचं, सुनेनं ओठ हलवायचा नाही. पहिली संधी आम्हाला. घंटी वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर प्रश्न समोरच्या सासूकडं जाणार.

निवेदकानं विचारलं, "कलिंगच्या युद्धानंतर कोणत्या सम्राटानं तलवार खाली ठेवली?"

अरे देवा! एवढं सोपं! चौथीतलं पोरगं झोपेत सांगेल. मी आनंदानं आत्यांकडं वळले. आत्या लालबुंद झाल्या होत्या. ते नाव माझ्या सासऱ्यांचं आहे. मीही ते इथं लिहीत नाही, सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि तुम्हाला ते ठाऊक आहेच. आत्यांच्या पिढीत बाई नवऱ्याचं नाव घेते ती फक्त उखाण्यात, लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला. एरवी मतदानाच्या खोलीतसुद्धा आत्या शेजारणीला पुढं करतात, "सांग गं ह्यांचं नाव." आणि मामा तर समोर पहिल्याच रांगेत बसलेले.

घड्याळ पळत होतं. मी मनात ओरडत होते, आत्या, म्हणून टाका, देव बघत नाही! आत्यांनी पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि भरल्या सभागृहात खणखणीत आवाजात सुरू केलं,

"निलंग्याच्या रानात उसाला आला तुरा,
घड्याळवाल्या दादा, थांबा की हो जरा..."

घंटी वाजली. पण आत्या थांबल्या नाहीत. मामांचं नाव घेतलं, रावांसकट घेतलं, आणि "हाच सम्राट खरा" म्हणून उखाणा पुरा केला.

लोक हसले, टाळ्या पडल्या. तो उखाणा कुठला पाठ केलेला नव्हता, त्या खुर्चीत बसल्या बसल्या रचलेला होता. मामांकडं पाहिलं तर ते खुर्चीच्या टोकाला येऊन बसलेले, हसत नव्हते, टाळ्या वाजवत नव्हते.

निवेदक हळहळला, पण नियम तो नियम. उत्तर घंटीनंतर आलं होतं. त्यानं प्रश्न समोरच्या सासूबाईंकडं दिला. आता काय, सगळ्यांनी ऐकलेलं उत्तर नुसतं परत म्हणायचं आणि कप उचलायचा. झालं, संपलं म्हणून मी मान खाली घातली.

"म्या न्हाई सांगत," ती बाई म्हणाली.

निवेदकाला वाटलं, येत नसेल. "खाला, आत्ताच तर त्यांनी..."

"बहिरी न्हाई म्या. पर ते त्यांच्या मालकाचं नाव हाय. आमच्यातबी जुन्या बायका मालकाचं नाव न्हाई घेत. त्यांनी एवढ्या मुश्किलीनं घेतलं आन् म्या ते फुकट उचलून कप न्यावा? तोबा तोबा! जवाब त्यांचा हाय. तुमची घंटीच लई घाईची."

एवढं खेळून आलेल्या बाईनं हातातला कप सोडला होता, तोही इतका सहज! मी आजवर मोठी माणसं म्हणून पुष्कळ पाहिली, भाषणंही ऐकली, पण त्या घटकेला मला त्या बाईपुढं उभं राहायचीही लाज वाटली. आत्या उठल्या, पलीकडं गेल्या आणि तिचे हात हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

सामना बरोबरीत सुटला. कप एकच होता, तो नांदेडला राहिला. आम्हाला दुसरा पाठवतो म्हणाले, तो अजून येतोय! परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले. आत्या हळूच मला म्हणाल्या, "कप न्हाई आला गं."

कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर टीव्ही बाहेर काढला होता, सारी गल्ली सतरंजीवर. शेवटचा प्रश्न आला आणि बघते तर काय, मेल्यांनी सगळं कापलेलं! प्रश्न, मग आत्यांचा लाल झालेला चेहरा, मग घंटी, आणि थेट "सामना बरोबरीत." उखाणा नाही, नांदेडची बाई नाही, काहीच नाही.

मागून एकजण हसली. "अगं बाई, एवढंबी येईना व्हय? आमच्या बारक्याला येतंय की!" मग हसणं पसरत गेलं. आत्या गुपचूप उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी उठून टीव्ही बंद केला.

"दात काढू नका," ते म्हणाले. "काय झालं ते म्या सांगतो." आणि त्यांनी सांगितलं, शाळेत सांगायचे तसं, उभं राहून. उखाणा त्यांना शब्द न् शब्द पाठ होता. उसाचा तुरा म्हणून झाला, घड्याळवाला दादा म्हणून झाला, आणि पुढच्या ओळीला आवाज फुटेना. एकदा खाकरले, दोनदा खाकरले. गल्ली वाट बघत होती.

मामा स्वयंपाकघराकडं वळले. "आगं, मला न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "तूच ये. तूच सांग ह्यांना."

आत्या ओले हात पदराला पुसत दारात आल्या. मामांनी आपली खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली आणि स्वतः खाली सतरंजीवर, बायकापोरांत, ऐकायला बसले.